धावणारा 'स'

सारिका बोरसे एम.ए. झाली ती इंग्रजी घेऊन. धुळ्याजवळच्या तिच्या खेड्यात तोवर कुणी इंग्रजीच्या वाटेला गेलं नव्हतं. निकाल लागला त्या दिवशी तिचे वडील, नवलभाऊ, मारुतीच्या पारावर पेढ्यांचा खोका घेऊन बसले आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगू लागले, "आमनी सारिकाले आते साहेबनी भाषा येस!"

येते की नाही, हे सारिकाने स्वतःला कधी विचारलं नव्हतं. विचारायची वेळच आली नव्हती. धुळ्याच्या देवपुरातल्या कॉलेजात पाच वर्षं तिने इंग्रजी वाचलं, लिहिलं, पाठ केलं. सर वर्गात इंग्रजी पुस्तक मराठीतून शिकवायचे, मुली गाईडमधून उत्तरं उतरवायच्या. परदेशी कवीच्या मनातल्या निसर्गावर ती दोन पानं न थांबता लिहू शकत होती. पुढे जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी लागली, भडगावच्या जितेंद्रशी लग्न झालं आणि गिरणेच्या काठच्या धामणदे नावाच्या गावात ती पाचवी ते सातवीच्या मुलांना इंग्रजी शिकवू लागली. कसं शिकवायची? तिला शिकवलं होतं तसंच. एक ओळ वाचायची, तिचा मराठी अर्थ सांगायचा, खालच्या प्रश्नांची उत्तरं फळ्यावर लिहून द्यायची. मुलं उतरवून घ्यायची. मुलं पास व्हायची. कुणाची काही तक्रार नव्हती.

मग भडगावात शिक्षकांचं एक प्रशिक्षण लागलं. जळगावहून मेघा मॅडम नावाच्या एक बाई शिकवायला आल्या होत्या. वयाने सारिकाएवढ्याच, आवाज मऊ. त्यांनी ना पाटी काढली ना पडदा लावला. उभ्याउभ्याच म्हणाल्या, "शेजारच्या माणसाला इंग्रजीत सांगा, आज सकाळी तुम्ही काय खाल्लंत आणि घरून निघेपर्यंत काय काय झालं. एवढंच."

सारिकाच्या शेजारी एक वयस्कर गुरुजी होते. ते हात जोडून म्हणाले, "मॅडम, तुम्ही एम.ए. आहात, तुम्ही आधी."

सारिकाने तोंड उघडलं. सकाळी तिने कळण्याची भाकरी आणि ठेचा खाल्ला होता. सासूबाईंचा चष्मा सापडत नव्हता, तो पिठाच्या डब्यावर सापडला होता. सगळं डोळ्यांपुढे लख्ख होतं. पण जिभेवर एक शब्द येईना. आला की तो बरोबर आहे का हे ती मनात तपासू लागे, आणि तपासेपर्यंत पुढचा शब्द पळून जाई. शेवटी ती "आय... आय..." करत राहिली आणि गुरुजीच बिचारे लाजून खाली बघू लागले.

त्या दिवशी घरी येताना तिला रडू आलं नाही, राग आला. राग कुणाचा, हेही कळेना. जितेंद्रचं भडगावात रिवाइंडिंगचं, म्हणजे पंपाच्या जळालेल्या मोटारी पुन्हा बांधून द्यायचं, दुकान होतं. संध्याकाळी तो हात पुसत घरी आला तेव्हा तिने त्याला सगळं सांगितलं आणि म्हणाली, "अहो, मला इंग्रजी येतच नाही. मी पोरांना काय शिकवतेय?"

जितेंद्रने थोडा विचार केला. "मोटार बांधायची पुस्तकं मीपण वाचली होती," तो म्हणाला. "हात जळल्याशिवाय मोटार कळत नाही."

दुसऱ्या दिवसापासून सारिकाने हात जाळून घ्यायला सुरुवात केली. भडगावपासून धामणदेपर्यंत स्कूटीवरून जाताना ती जे दिसेल ते इंग्रजीत मोठ्याने बोलू लागली. हा कापूस आहे. हा माणूस फवारणी करतोय. ही म्हैस रस्त्यातून हलत नाही. म्हशी, तू का हलत नाहीस? रस्त्यावर ऐकायला कोण होतं? आणि जे होते त्यांना ती चुकली हे कळणार नव्हतं. शेतातली माणसं मान वर करून बघायची. एका आबांनी तर बांधावरून हात करून तिला थांबवलं आणि कळवळून सांगितलं, "पोरी, गाडी चालावतांना फोनवर बोलू नको वं." तिने हेल्मेट काढून दोन्ही कान दाखवले. फोन नव्हताच. आबा आणखीच काळजीत पडले.

जीभ हळूहळू सैल होत गेली. चुकांना ती भिईनाशी झाली. आणि मग वर्गात उभं राहून फळ्यावर उत्तरं लिहून देणं तिला जमेना.

सहावीच्या वर्गात तिने एक दिवस सांगितलं, "पुस्तकं दप्तरात. आज फक्त कान आणि हात-पाय." ती इंग्रजीत म्हणाली, उभे राहा; आणि स्वतः उभी राहिली. खिडकीला हात लावा. आणि स्वतः खिडकीपाशी धावली. दोन-चार दिवसांत मुलं तिच्याआधी धावू लागली. मग हुकूम सोडायचं काम तिने मुलांकडे दिलं. एक मुलगा मॅडमना उड्या मारायला लावतो आहे आणि मॅडम खरंच उड्या मारतायत, हे बघायला पाचवीचा वर्ग दारात गोळा व्हायचा.

पण हुकूम सोडणं म्हणजे बोलणं नव्हे. घरचं, शेतातलं, मनातलं सांगायचं तर वाक्य हवं, आणि वाक्याशी आलं की घोडं अडायचं. सारिका मराठी वाक्य द्यायची, मुलं त्याचं इंग्रजी करायला बघायची आणि मराठीतच अडखळायची. कारण धामणद्याच्या घराघरांत बोलली जायची ती अहिराणी. पुस्तकातली मराठी हीच त्यांना अर्धी परकी होती. एखादी मुलगी उभी राहून "मी शेतात जातो" म्हणाली की वर्ग फिदीफिदी हसायचा, आणि ती मुलगी जी बसायची ती दिवसभर उठायची नाही.

एकदा अशीच एक पोर हसण्याखाली दबून बसली आणि सारिकाला आपली आई आठवली. आई म्हणायची, मी जास. वडीलही म्हणायचे, मी जास. अहिराणीत बाई जाऊ दे की पुरुष, 'जास' ते 'जास'च. आणि इंग्रजीत? 'आय गो.' तिथेही बाई-पुरुष सारखेच! ती फळ्यापाशी गेली. एका बाजूला लिहिलं, तो जास, ती खास, तो पेस. दुसऱ्या बाजूला लिहिलं, ही गोज, शी ईट्स, ही ड्रिंक्स. आणि दोन्हीकडच्या शेवटच्या 'स'खाली तिने रेघ मारली.

मग मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, "मॅडम, इंग्रजीमा आपला 'स' शे!"

तो दिवस सारिका विसरणं शक्य नव्हतं. मुलं एकमेकांना धक्के देत वाक्यं फेकत होती. ती दळस. तो पयस, म्हणजे पळतो. माय रांधस. आणि एकेकाचं इंग्रजी होत होतं. आजवर ही भाषा घराच्या उंबऱ्याबाहेर ठेवून शाळेत यावं लागायचं. आज ती पहिल्या बाकावर येऊन बसली होती.

आनंद टिकला तो आठवडाभर. कारण अहिराणीचा 'स' उदार आहे. तो 'तो'ला मिळतो, 'ती'ला मिळतो, तसा 'मी'लाही मिळतो आणि 'तू'लाही. मुलांनी तोच उदारपणा इंग्रजीत चालवला. आय गोज. यू ईट्स. दे ड्रिंक्स. सगळा वर्ग सापासारखा सू-सू करू लागला. मुख्याध्यापक बन्सीलाल सर दारावरून जाताना थबकले. ते जुन्या वळणाचे, सरळ मनाचे गृहस्थ. व्याकरण चुकलेलं त्यांना भाजीत खडा लागल्यासारखं वाटायचं.

"मॅडम," ते बाजूला घेऊन म्हणाले, "आधी पोरं गप्प होती. आता चुकीचं बोलतायत. आणि पालक विचारतायत, अहिराणी आमच्या पोरांना येतेच की, ती शिकायला शाळेत कशाला?"

सारिकाने ऐकून घेतलं. रात्री झोपताना मात्र तिच्या डोक्यात 'स'च फिरत होता. हा 'स' मुलांना समजावून सांगून उपयोग नव्हता. नियम तर तिने चारदा सांगितला होता. त्यांना तो दिसायला हवा होता.

तिने जुन्या खोक्यांचे पुठ्ठे कापले, त्यांना सुतळ्या बांधल्या आणि एकेका पुठ्ठ्यावर एकेक शब्द लिहिला. मुलांनी ते गळ्यात अडकवायचे. मुलगा झाला 'आय', मुलगी झाली 'शी', कुणी 'गो', कुणी 'ईट', कुणी 'मार्केट'. वाक्य सांगितलं की ज्याचा त्याचा शब्द पळत येऊन ओळीत उभा राहणार. आणि एकाच्या गळ्यात फक्त एक अक्षर, 'एस'. 'ही' किंवा 'शी' आली की त्याने धावत जाऊन क्रियापदाला चिकटायचं. 'आय' आला, 'यू' आला, की पळून जायचं.

'एस' कोण होणार? सगळ्यांना शब्द व्हायचं होतं, बोलायचं होतं. नुसतं अक्षर व्हायला कुणी तयार नव्हतं. तेव्हा सारिकाची नजर डिंपलवर गेली.

डिंपल त्या वर्षीच शाळेत आली होती. तिचे आई-वडील सुरतेला साड्यांच्या कारखान्यात कामाला होते, आणि ती तिकडेच वाढलेली. आईची कामाची पाळी बदलली, घरात पोरीकडे बघायला कुणी उरलं नाही, म्हणून तिला आजीकडे धामणद्याला आणून सोडलं. पहिल्या दिवशी ती काहीतरी बोलली त्यात अर्धी गुजराती होती, अर्धी अहिराणी. वर्ग हसला. त्यानंतर डिंपल शाळेत बोललीच नाही. हजेरीला हात वर करायची, बस.

सारिकाने 'एस'चा पुठ्ठा तिच्या गळ्यात घातला. "तुला काही बोलायचं नाही," ती म्हणाली. "फक्त धावायचं."

डिंपल धावली. आणि काय धावली! बाकीचे शब्द अजून आपली जागा शोधत असायचे तोवर ही पोर नेमक्या जागी जाऊन उभी. 'शी' म्हणताच चिकटायची, 'दे' म्हणताच सुटायची. एकदाही चुकली नाही. मुलं तिला हुलकावण्या देऊ लागली. सारिका मुद्दाम भराभर वाक्यं बदलू लागली. डिंपलच्या वेण्या सुटल्या, ओढणी बाकाला अडकली, पण पाय चुकला नाही.

असं चाललं असताना एक दिवस 'आय' झालेल्या पियुषने तिला घाईघाईत हाताला धरून ओढलं. "ये ना आठे! आय गो... ये!"

डिंपलने हात झटकून सोडवला आणि ठणकावलं, "नॉट हिअर! यू आर आय!"

तिच्या तोंडून काय निघालं हे तिला स्वतःलाच मागाहून कळलं असावं, कारण ती पुठ्ठा दोन्ही हातांनी धरून तशीच उभी राहिली. या वेळी कुणी हसलं नाही. हसणार कशावर? ती म्हणाली ते बरोबर होतं, आणि तिथे इंग्रजी कुणाच्याच घरची नव्हती. पियुष गुपचूप बाजूला सरला. सारिकाने लगेच पुढचं वाक्य सांगितलं, जणू काही झालंच नाही. आत मात्र तिला कुणाला तरी धावत जाऊन हे सांगावंसं वाटत होतं.

त्यानंतर सारिकाने मुलांना घरचा अभ्यास म्हणून लिहायला काही दिलं नाही. "घरी जाऊन कुणालातरी एक इंग्रजी हुकूम शिकवा," एवढंच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी शाळा भरायला आणि दारातून एक खणखणीत आवाज यायला एकच गाठ पडली. "कोन शे ती इंग्रजीनी बाई?"

डोक्यावर पदर, हातात काठी, अशा डिंपलच्या आजी, झुंबरबाई, ऑफिसच्या दारात उभ्या होत्या. बन्सीलाल सर गडबडून उठले. "अक्का, काय झालं? बसा ना आधी."

"बठानं नावच काढू नका सर! काल सांजपासून उठी उठी नि बठी बठी मना गुडघा गयात. मनी नात माले हुकूम सोडस! स्टँडप म्हणस, मी उठस. शिडडाऊन म्हणस, मी बठस. मंग म्हणे टच युवर नोज. तो नोज कोठे ऱ्हास, माले काय ठाव?"

खिडक्यांना मुलं लटकली होती. बन्सीलाल सरांनी सारिकाकडे पाहिलं. त्या नजरेत 'मी सांगत होतो' एवढंच होतं. सारिका पुढे झाली. झुंबरबाईंशी पुस्तकी मराठीत बोलणं तिला शोभेना. "अक्का, चूक मनी शे," ती म्हणाली. "पोरेस्ले मीच सांगेल व्हतं."

झुंबरबाईंनी तिच्याकडे रोखून पाहिलं. "चूक? कोन म्हणस चूक?" त्यांचा आवाज खाली आला. "सुरतहून उनी तव्हापासून ती पोर मन्हासंगे धड बोले नही. हा नि नही, बस. काल चुल्हाजोडे बठनी नि तास-दीड तास बोलनी. हुकूम सोडनात, पन बोलनी ना माय!" त्यांनी पदराने तोंड पुसलं. "माले येवढंच सांग. ती इंग्रजी बोलस, तं मी तिले काय जबाब देऊ? मी नुसती उठस नि बठस. माले बी काही बोलता येवाले पाहिजे का नही?"

बन्सीलाल सर खुर्चीत हळूच बसले.

सारिकाने झुंबरबाईंना हाताला धरून सहावीत नेलं आणि पहिल्या बाकावर बसवलं. डिंपल लाजून लाल झाली, पण नजर आजीवरून हटवेना. "अक्का, तिले तुम्ही रोज काय सांगतस?" सारिकाने विचारलं. झुंबरबाई म्हणाल्या, काय सांगस, ये, खाय, झोप. मग त्या दिवशीचा धडा तोच झाला. कम. ईट. स्लीप. सगळा वर्ग मिळून आजीला शिकवत होता. 'स्लीप' त्यांच्या जिभेवरून 'सलीप' होऊन यायचा आणि त्या स्वतःच खळखळून हसायच्या. जाताना त्या दारात थांबल्या, वळून नातीकडे बोट केलं आणि हुकूम सोडला, "डिंपल! शिडडाऊन!"

डिंपल पटकन बसली.

गावात ही गोष्ट वाऱ्यासारखी पसरली. अहिराणीची तक्रार त्यानंतर कुणी केली नाही. पण सगळं सुरळीत झालं असं म्हणणं खोटं होईल. सहामाही परीक्षा झाली आणि सहावीचे इंग्रजीचे गुण मागच्या वर्षीपेक्षा खाली आले. बन्सीलाल सरांनी सारिकाला बोलावून घेतलं. या वेळी त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच तिला जास्त लागलं.

"पोरं बोलतात ते मला माझ्या खुर्चीत ऐकू येतं मॅडम. बरं वाटतं. पण लिहायला बसवलं की हाताला लकवा. 'खिडकी'चं स्पेलिंग जेवढी पोरं तेवढ्या तऱ्हांनी लिहिलंय. उद्या हीच पोरं दहावीला बसणार. तिथे तोंड बघत नाहीत, पेपर बघतात."

सारिकाला आधी वाद घालावासा वाटला. मग घरी जाऊन तिने पेपर पुन्हा चाळले. सरांचं खरं होतं. स्वतःची जीभ सुटल्याच्या आनंदात ती मुलांचे हात विसरली होती. पण पुन्हा फळ्यावरून उतरवून घ्यायला लावायचं? तिचं मन घेईना.

उपाय सापडला तो भडगावच्या बाजारात. भाजी घेऊन ती जितेंद्रच्या दुकानासमोर उभी होती आणि समोरच्या रसवंतीच्या पाटीवर 'कोल्ड ड्रिंक'मध्ये एक अक्षर जास्तीचं होतं. पलीकडच्या क्लासच्या पाटीवर 'कोचिंग'मधलं एक अक्षर गळालं होतं. तिला एकदम हसू फुटलं.

पुढच्या शनिवारी शाळेची परवानगी काढून ती सहावीला भडगावला घेऊन आली. कामगिरी एकच, पाट्यांमधल्या चुका पकडून आणायच्या. मुलं दोघा-दोघांच्या जोड्या करून बाजारात सुटली. चूक पकडायची तर बरोबर काय ते आधी माहीत हवं. म्हणून आदले चार दिवस मुलांनी दुकानांवर असतात ते सगळे शब्द एकमेकांकडून घोटून घेतले होते. सारिकाने एकदाही 'पाठ करा' म्हटलं नव्हतं. सलूनपासून खताच्या दुकानापर्यंत एकही पाटी त्यांनी सोडली नाही. काही दुकानदार चिडले, काहींनी मुलांना चहा विचारला. आणि मग डिंपल आणि पियुष धापा टाकत सारिकाकडे आले.

"मॅडम, सगळ्यात मोठी चूक सापडली!" पियुष म्हणाला आणि डिंपलने बोट दाखवलं. बोट जितेंद्रच्या दुकानाकडे होतं. 'रिवाइंडिंग'मधला 'डी' पाटीवर नव्हताच. दुकान उघडल्यापासून ती पाटी तशीच होती, आणि एम.ए. झालेली बायको रोज तिच्याखालून जात होती.

जितेंद्र बाहेर आला, मान वर करून पाटीकडे बघत राहिला आणि पोट धरून हसला. सारिका म्हणाली, "उद्याच पेंटरला बोलवा." तो म्हणाला, "छे! राहू दे. पुढच्या वर्षीच्या पोरांना सापडायला काहीतरी नको का?"

परत गावात येऊन मुलांनी स्वतः पाट्या लिहिल्या, धामणद्याच्या गिरणीसाठी, दवाखान्यासाठी, स्वतःच्या घरांसाठी. लोक वाचणार म्हणून प्रत्येक अक्षर तीन-तीनदा तपासलं. झुंबरबाईंच्या गोठ्यावर 'बफेलो' लागलं. वार्षिक परीक्षेत सहावीचे गुण वर आले. फार नाही, पण वर. बन्सीलाल सरांनी पेपरचा गठ्ठा सारिकापुढे ठेवला आणि म्हणाले, "खिडकी सगळ्यांची बरोबर आहे." त्यांच्याकडून ही मोठी शाबासकी होती.

डिंपल सातवीत गेली तेव्हा भडगावात तालुक्यातल्या शाळांची इंग्रजी बोलण्याची स्पर्धा झाली. तिला नेऊ की नको, यावर सारिका खूप घुटमळली. शेवटी डिंपलनेच हात वर केला. तिला आजीवर बोलायचं होतं.

सभागृह भरलेलं होतं. इतर शाळांची मुलं एकामागून एक आली, हातवारे करून पाठ केलेली भाषणं झरझर बोलून गेली. डिंपल माइकपाशी उभी राहिली तेव्हा माइक तिच्या कपाळापर्यंत येत होता. "माय ग्रँडमदर इज झुंबरबाई," तिने सुरुवात केली. "शी गेट्स अप अर्ली. शी मिल्क्स द बफेलो. वन डे बफेलो किक्स शी."

'हर' म्हणायच्या जागी 'शी'. पुढच्या रांगेत कुणीतरी हसलं. मग मागे. मग सगळं सभागृह.

सारिकाने खुर्चीचा हात गच्च धरला. हसणं म्हणजे काय, हे या पोरीइतकं कुणाला ठाऊक होतं? डिंपल थांबली होती. तिने डावीकडून उजवीकडे सगळ्या लोकांकडे पाहिलं. हसणं ओसरेपर्यंत ती उभी राहिली. मग माइक दोन्ही हातांनी खाली ओढला आणि म्हणाली, "यू लाफ. माय ग्रँडमदर नॉट लाफ. शी इज व्हेरी अँग्री."

पुन्हा हशा उसळला, पण तो वेगळा होता. लोक आता म्हशीचं आणि आजीचं पुढे काय झालं ते ऐकायला पुढे सरकले होते. डिंपलने आजीने उगारलेली काठी हातानेच करून दाखवली, म्हैस कशी गोठाभर पळाली ते दाखवलं, शेवटी दोघी कशा समेटाला आल्या ते सांगितलं आणि नमस्कार करून खाली उतरली.

बक्षीस तिला मिळालं नाही. चुका मोजल्या तर मिळणार नव्हतंच. पण परीक्षकांपैकी एक बाई मुद्दाम तिच्याजवळ आल्या आणि इंग्रजीत विचारलं, आजीला फार लागलं का? डिंपलने त्यांना पाय दाखवून सांगितलं, इथे, इथे आणि इथे. बाई हसत हसत ऐकत राहिल्या.

परतताना टमटममध्ये डिंपल सारिकाच्या शेजारी सरकली. मग म्हणाली, "मॅडम, 'शी' नही, तं मंग काय?"

"हर," सारिका म्हणाली.

"किक्स हर. किक्स हर." धामणदे येईपर्यंत ती ते घोळवत होती. व्याकरणाच्या तासाला जे महिना-महिना शिरत नाही ते या पोरीने स्वतःहून मागून घेतलं होतं.

डिंपल आता भडगावच्या हायस्कुलात जाते. दिवाळीत आई-वडील सुरतेहून आले की ती त्यांना जेवायला इंग्रजीत हाक मारते आणि आईला अहिराणीतून अर्थ सांगते. तिची गुजरातीही पुन्हा जिभेवर आली आहे. सारिकाच्या वर्गात हल्ली आजूबाजूच्या शाळांमधले शिक्षक शनिवारी येऊन बसतात. बन्सीलाल सर निवृत्तीला आले आहेत, पण एकदा ते स्वतः गळ्यात 'यू'चा पुठ्ठा अडकवून ओळीत उभे राहिले आणि चुकीच्या जागी उभे राहिले म्हणून पाचवीच्या पोरांनी त्यांना बाहेर काढलं.

मागच्या हिवाळ्यात धुळे जिल्ह्यातून, साक्रीच्या पलीकडच्या डोंगरातून, मोनाली पवार नावाच्या एका तरुण शिक्षिकेचा फोन आला. तिने हा खेळ कुणाकडून तरी ऐकून आपल्या वर्गात करून पाहिला होता. "मॅडम, तुमचा 'स' आमच्याकडे चालत नाही," ती चाचरत म्हणाली. "आमची पोरं वेगळी बोली बोलतात. तिच्यात असा 'स' नाहीच."

मोनालीला वाटलं होतं, मॅडम नाराज होतील. सारिकाने उलट उत्साहाने विचारलं, "मग काय आहे?"

"ते मलाही नीट सांगता येत नाही. पोरं गाण्यातून बोलतात. एकाने विचारायचं, दुसऱ्याने सूर धरून उत्तर द्यायचं. तसं इंग्रजी केलं की चालतात. तुम्ही येऊन बघाल का?"

सारिकाने रजा टाकली. जितेंद्रने दुकान बंद ठेवलं आणि दोघं पहाटेच्या बसने धुळ्याला, तिथून साक्रीला आणि पुढे जीपने डोंगरात गेले. शाळा दोन खोल्यांची, पुढे मोहाचं झाड. सारिका वर्गात सगळ्यात मागे, मुलांच्या बसकरपट्टीवर मांडी घालून बसली. मोनालीने टाळी वाजवली आणि मुलांनी एक सूर धरला. अर्धे शब्द त्यांच्या बोलीतले, अर्धे इंग्रजीतले, आणि प्रश्नाला उत्तर असं वर्गभर फिरू लागलं.

फिरत फिरत प्रश्न सारिकापाशी आला. शेजारच्या छोट्या मुलीने तिच्याकडे तोंड करून काहीतरी विचारलं. सारिकाला त्यातलं काही म्हणजे काही कळलं नाही. सगळा वर्ग तिच्या उत्तराची वाट बघत होता. ती हसली, मुलीच्या जवळ सरकली आणि म्हणाली, "पुन्हा सांग बरं. हळू."